सात नंबरचा लाल रकाना

सोलापूर,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय दानू,

फोन बंद ठेवलास ते एका अर्थी बरं झालं. फोनवर मी तुला चार शब्द सुनावले असते आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. वळसंगला मी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा तुझा बाप दारात आडवा उभा. सख्ख्या थोरल्या बहिणीला पाणीसुद्धा न विचारता म्हणतो, "अक्का, पोरगी झोपलीया." दुपारी साडेबाराला! मागच्या खिडकीत तुझी पिवळी ओढणी मला दिसत होती. महेश्वरला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, बोलायला लागला की कान लाल होतात. तर हे पत्र तुझ्या आईच्या पदराखालून तुझ्यापर्यंत येईल. तिला कुणी अडवत नाही.

आधी कामाचं. येत्या शनिवारी मालकांचे वकील तुमच्याकडे येणार आहेत. त्यांच्याजवळ टाईप केलेला एक कागद असेल. "सात नंबरच्या लाईनवरची दुरुस्तीची लाल खूण मी पाहिली होती, पण घाईत तिच्याकडे दुर्लक्ष झालं," असं त्या कागदात तू म्हणतेस. सही केलीस तर वकील आम्ही देऊ, कोर्टात प्रकरण हलकं करू, असं गोड बोलतील. तुझा बाप घाबरलाय. धोंडीरामचा भाऊ येडू आणखी दोघांना घेऊन दारात आला होता तेव्हा महेश्वरने कुऱ्हाड काढली, हे मला कळलंय. तो म्हणेल, कर सही आणि मोकळी हो. हे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय पेनाला हात लावायचा नाही. रागाने मध्येच फाडलंस तर तुकडे जोडून वाच.

भुवईचे टाके काढून आणलेस का? खूण राहणार. राहू दे. दुसऱ्या वेळी आले तेव्हा तुझी आई मला गाडीपर्यंत सोडायला आली होती. पाराजवळ थांबून ती एक गोष्ट बोलली आणि गेले आठ दिवस ती माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाली, "वन्सं, ती आता तांदूळ निवडत नाही. ताट माझ्यापुढं सरकवते, म्हणते, अव्वा, यात खडे हायत का बघ. मला दिसत नाहीत." गॅस बंद केला का, कडी लावली का, पायात दोन्ही चपला एकाच जोडीतल्या आहेत का, हेही तू आईला विचारतेस म्हणे. तेव्हा मला कळलं की तू त्या कागदावर सही करशील ती बापाच्या किंवा वकिलाच्या भीतीने नाही. तुला खरंच वाटायला लागलंय की लाल खूण तिथे होती आणि तुलाच दिसली नाही.

तू त्या दिवशी तिथेच होतीस, तरी मी सगळं पहिल्यापासून लिहिते. पोलिसांपुढे, कंपनीच्या इंजिनिअरपुढे आणि मालकांपुढे प्रत्येकाने आपापला तुकडा सांगितला. अख्खं कुणीच सांगितलं नाही. अख्खं फक्त मला माहीत आहे.

अक्कलकोट रोडच्या त्या टॉवेलांच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं ऑफिसच्या खिडकीत बसले. लाईट गेली आणि परत आली की सगळी मशीनं एकदम उठू नयेत म्हणून एकेक लाईन ऑफिसातून सोडायची, हे पहिल्यापासून माझं काम. पूर्वी भिंतीवर चिनी मातीचे फ्यूज होते. जॉबर मशीन दुरुस्त करायला निघाला की आपल्या लाईनचा फ्यूज उपटून माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. काम झालं की स्वतः येऊन घेऊन जायचा. फ्यूज टेबलावर आहे म्हणजे त्याची बोटं मशीनमध्ये आहेत, एवढा सरळ हिशोब. पुढे नवी पॅनेलं आली, फ्यूज गेले. जॉबरांनी माझ्या टेबलावर ठेवावं असं काही उरलं नाही. तेव्हा मीच नियम काढला की तंबाखूची डबी ठेवायची. जॉबर एक वेळ जेवणाशिवाय राहील, डबीशिवाय अर्धा तासही नाही. काम संपलं की ती न्यायला तो धावत येणारच. सगळे हसले. सात नंबरचा जॉबर धोंडीराम सगळ्यात जास्त हसला. म्हणाला, "बाई, बायकोनं इतकी वर्सं सोडवायचा खटाटोप केला, तुमी एका नियमात निम्मी सोडवली की!" पण नियम पाळला. पितळेची डबी, झाकणावर बैलाचं चित्र. ती टेबलावर आहे तोवर सात नंबरला मी कधी हात लावला नाही.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी एका कंपनीकडून ते नवं वेबसाईटचं प्रकरण आणलं. सव्वीस लाईनी पडद्यावर, शेजारी चालू-बंदची बटणं, ऑर्डर, मीटर आणि अगदी उजवीकडे दुरुस्तीचा रकाना. जॉबरने आपल्या मोबाईलवर खूण केली की तो रकाना लाल होऊन उघडझाप करणार. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात लोक चहाला जाताना खूण करायचे, बिडीला जाताना करायचे, आणि काम झाल्यावर काढायला विसरायचे. दोन-दोन दिवस लाल रकाने लुकलुकत राहायचे आणि मी ओरडून विचारायची, "अरे, बाराला कोण मेलंय का?" कुणीच नसायचं. हळूहळू त्या लाल रंगाची किंमत गेली. डबीची राहिली.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. गेल्या दिवाळीपासून माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डावाही त्याच वाटेवर आहे. मी हे कुणाला सांगितलं नाही. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला "आता घरी आराम करा" म्हणायला मालकांना निमित्तच हवं होतं, ते मी माझ्या हाताने देणार नव्हते. पण त्या पानावरची अक्षरं खसखशीएवढी. मोठी करावीत तर उजवीकडची निम्मी पडद्याबाहेर जायची, आणि एक लाईन वाचायला पान इकडून तिकडे ओढत बसावं लागायचं. कंपनीला तीन वेळा कळवलं. "नोंद घेतली आहे" असं तीन वेळा उत्तर आलं. मग मी ठरवलं, पान आपणच बदलायचं.

बी.एस्सी. करताना संगणक आम्ही फक्त चित्रात पाहिला होता. पण भौतिकशास्त्र शिकलेल्या बाईला मांडणी कळते. ब्राउझरला एक जोड लावता येते. तिच्यात आपण काही ओळी लिहून ठेवायच्या. ते पान उघडलं की त्या ओळी आपोआप चालतात आणि पानाची रचना आपल्याला हवी तशी करून टाकतात. कंपनीचं मूळ पान जसंच्या तसं राहतं, बदल फक्त आपल्या पडद्यावर. मी पंधरा दिवस जेवणाच्या सुटीत ते शिकले. कुठल्या रकान्याला आतून काय नाव आहे ते शोधलं, लाईनीचा नंबर डावीकडे घेतला, अंगठ्याएवढा मोठा केला, बटणं त्याला चिकटवली, मीटर खाली नेले. ज्या दिवशी पान उघडताच सगळं आपोआप जागच्या जागी जाऊन बसलं, त्या दिवशी मी बाहेर जाऊन एकटीने पेढा खाल्ला. तुला सांगितलं नाही. तू विचारलं असतंस, "आत्या, अक्षरं एवढी मोठी कशाला?" आणि मला डोळ्यांचं सांगावं लागलं असतं. मार्चमध्ये कंपनीने पान बदललं आणि माझ्या ओळी चुकीच्या जागी चालू लागल्या. बटणं गायब, सव्वीस लाईनींचा ढीग. मी एका दुपारी, चिडून, सगळं नव्याने लिहिलं. मोठ्या अक्षरांना जागा पुरेना. काही ना काही काढणं भाग होतं. काढलं.

चौदा जुलैला मी तुला माझ्या खुर्चीत बसवलं आणि बँकेत जाते म्हणून गेले. बँकेत नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होते. निघताना मी तुला सांगितलेले शब्द मला पाठ आहेत. "लाईट आली की एकेक लाईन सोड. टेबलावर ज्याची डबी असेल त्याची लाईन सोडायची नाही. डबी नसेल तर बेधडक सोड." तू मान हलवलीस. तुझ्या हातात डिस्पॅचची वही होती.

साडेअकराला लाईट गेली. सात नंबरच्या वार्पिंगच्या ड्रमवर सूत अडकलं होतं. तो छातीएवढा आडवा ड्रम, त्यावर हजारो धागे गुंडाळले जातात. लाईट नाही तोवर उरकून टाकू म्हणून धोंडीराम निघाला आणि नेमाप्रमाणे डबी घेऊन माझ्या खिडकीशी आला. खिडकीत मी नव्हते. तू होतीस, मान खाली घालून वही बघत. लेकीच्या वयाची, बिनलग्नाची पोरगी, तिच्यापुढे तंबाखूची डबी कशी ठेवायची? तो लाजला. डबी पुन्हा बंडीच्या खिशात टाकली, बाजूला जाऊन मोबाईलवर खूण केली, आणि कंपनीने शिकवलं तसं सगळं केलं म्हणून निर्धास्त होऊन बाजूची जाळी काढून उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला. अकरा बेचाळीस. त्या मशीनचं स्वतःचं बटण जुनं आहे, दाबलेलं तसंच राहतं, म्हणून ऑफिसातून लाईन सोडली की ड्रम लगेच फिरतो. अकरा पन्नासला लाईट आली. तू टेबलाकडे पाहिलंस. डबी नव्हती. पडद्याकडे पाहिलंस. एक, दोन, तीन करत तू सातवर आलीस.

येडू म्हणतो ड्रम तीन वेळा फिरला, बाकीचे चार म्हणतात. पहिल्या फेऱ्यात हात गेला, दुसऱ्यात धोंडीराम पायावरून उचलला जाऊन ड्रमवर आपटला. ओला बांबू पिळून मोडावा तसा आवाज आला, असं बायका सांगतात. पांढरं सूत डोळ्यादेखत लाल होत गेलं आणि ते लाल सूत पुन्हा त्याच्याच अंगावर गुंडाळत गेलं. कुणीतरी मेन पाडला. येडूने सूत कापायच्या पात्याने धागे तोडत भावाला बाहेर ओढला. कोपराच्या वरपासूनचा हात ड्रमवरच राहिला. तू डिस्पॅचमधून नव्या टॉवेलांचा गठ्ठा घेऊन धावलीस. एक टॉवेल त्याच्या खांद्याला, एक त्या हाताला. दुसरं कुणी पुढे झालं नाही, तू झालीस. हे कुणीच पंचनाम्यात सांगितलं नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

मी रिक्षातून उतरले तेव्हा डोळ्यांत डॉक्टरांनी घातलेलं औषध होतं. सगळं सुजून आल्यासारखं दिसत होतं. गर्दी बाजूला सारत मी ऑफिसात शिरले. तू टेबलाला धरून उभी होतीस, तुझे दोन्ही हात लाल. म्हणालीस, "आत्या, डबी नव्हती. पडद्यावर पण काही नव्हतं. मी नीट बघितलं होतं." मी तुझ्या मागच्या पडद्याकडे पाहिलं. आणि मग तुझ्या थोबाडीत मारली. एक उजवीकडे, एक डावीकडे. दुसरीत माझ्या अंगठीने तुझा गाल कापला. तू अकरावीला माझ्याकडे राहायला आलीस तेव्हापासून तुझ्यावर कधी हात उचलला नव्हता. वर ओरडले, "आंधळी आहेस का?" पन्नास माणसांनी ते ऐकलं.

येडूनेही ऐकलं. तो कोपरापर्यंत रक्ताने भरलेला, भावाला गाडीत घालून मागे वळलेला. "आंधळी" हा शब्द त्याला मी दिला. त्याने खिडकीची काच काठीने फोडली, हात आत घालून तुझी वेणी धरली आणि तुला टेबलावरून ओढून तुझं तोंड चौकटीवर आपटलं. "माझ्या भावाचा हात खाल्लास, रांडं!" मग त्याच लाकडी काठीने पाठीवर. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मध्ये पडले नाही. आठ ठोके मोजले. शिवणकामातल्या दोन बायकांनी आणि वॉचमनने तुला सोडवलं. मी त्या वेळी काय केलं सांगू? खाली पडलेला कीबोर्ड उचलून टेबलावर ठेवला.

ती थप्पड तुझ्या चुकीची नव्हती. तुझ्या मागचा पडदा मी पाहिला आणि त्याच क्षणी मला मार्चमधली दुपार आठवली. मोठ्या अक्षरांना जागा करताना मी काढला तो दुरुस्तीचा रकाना होता. एकच ओळ लिहिली होती, हा रकाना दाखवू नये. सव्वीसपैकी सव्वीस लाल झाले असते तरी माझ्या पडद्यावर त्यातला एकही दिसला नसता. मला त्याची गरज नव्हती, माझ्याकडे डबी होती. तुला मी डबी शिकवली, रकाना गेलाय हे सांगितलं नाही, कारण तो गेलाय हे मी स्वतःच विसरले होते. रोज पाहून पाहून ते पान मला तसंच जन्मलेलं वाटायला लागलं होतं.

एवढंच असतं तर ती चूक म्हणता आली असती. पण पुढचं ऐक. चार वाजता कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने आपल्या लॅपटॉपवर मूळ पान उघडलं. सात नंबर, अकरा बेचाळीस, लालभडक. सगळे तुझ्याकडे वळले. धोंडीराम बेशुद्ध होण्याआधी "म्या खूण केली हुती" म्हणत होता, तेही खरं ठरलं. म्हणजे खोटी कोण? तू. पोलीस सहाला पंचनाम्याला येणार होते. सव्वापाचला मी ऑफिसातल्या सगळ्यांना काचा उचलायच्या आहेत म्हणून बाहेर काढलं, खुर्चीत बसले आणि ती जोड बंद केली. एक टिचकी पुरली. पान मिटून उघडलं, लाल रकाना जागच्या जागी हजर. पोलिसांनी माझ्याच पडद्याचा फोटो काढून नेला. त्यांनी तू सांगितलेल्या डबीच्या नियमाबद्दल मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ती आमच्यातली चेष्टा आहे, साहेब. खरा नियम पडद्यावरचाच." तू समोर बाकावर बसली होतीस. तोंडाला फडकं धरलेलं. माझ्याकडे पाहिलंस. त्या वेळी तुझा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला असणार. आत्या खोटं बोलते हे तुझ्या मनात येणं शक्य नव्हतं, म्हणून तू स्वतःला खोटं ठरवलंस.

तुझ्या बापाच्या पाठीवर डाव्या बाजूला एक लांब पांढरा वळ आहे. तू पाहिला असशील. तो हसत सांगतो की लहानपणी गोठ्याचं दार उघडं टाकलं म्हणून आबांनी आसुडाने फोडला. वासरू रात्रभर गाईला पिऊन सकाळी फुगून मेलं होतं. महेश्वर सहा वर्षांचा, मी नऊ. आबांनी त्याला खांबाला बांधलं आणि कातडं निघेपर्यंत मारलं. तो पहिल्यांदा ओरडत होता, "मी दार लावलं हुतं." मग ओरडायला लागला, "चुकलं, चुकलं." दार मी उघडं टाकलं होतं. बोलले नाही. आज तो साठीला आला, तरी झोपायच्या आधी गोठ्याच्या दाराला दोनदा हात लावून येतो. त्याच्या घरात आता तूही कडीला दोनदा हात लावतेस. हा परिच्छेद त्याला वाचून दाखव. चोपन्न वर्षं उशीर झालाय, पण दाखव.

शुक्रवारी मी धोंडीरामला भेटायला गेले. खांद्याला गठ्ठा बांधलेला, गालफडं बसलेली. मला पाहून उठायला लागला आणि सवयीने उजव्या बाजूने रेटा द्यायला गेला, तर कुशीवर पडला. त्याच्या बायकोने, बजाबाईने, त्याला सावरलं. तुझ्याबद्दल त्याच्या मनात राग नाही, दानू. म्हणाला, "तिनं बगितलं न्हाय, इतकंच. लेकरू हाय. माजंच चुकलं, डबी ठिवायला पायजे हुती. पर पोरीबाळीम्होरं कशी ठिवायची, बाई?" मग उशाखालून ती पितळेची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "ही आता तुमच्या टेबलावरच ऱ्हाऊ द्या. येका हातानं तंबाखू मळता येत न्हाय." तू न केलेल्या चुकीची तो तुला माफी देत होता. ती माफी घेऊन मला उठता येईना. मी त्याला सगळं सांगितलं. जोड, रकाना, सव्वापाचची टिचकी. बजाबाईच्या हातात पाण्याचा भरलेला तांब्या होता. तो तिने माझ्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, खालचा एक दात हलतोय. "माझं कुकू पांगळं केलंस आनि पोरीवर ढकललंस, भवाने!" दुसऱ्यांदा उगारला तेव्हा धोंडीराम म्हणाला, "बजे, बास." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पदराने रक्त पुसलं. मग तो भिंतीलाच म्हणाला, "आदी पोरीला सांगा. पोलिसाला मागनं."

म्हणून हे पत्र आधी. उद्या सोमवारी पहिल्या गाडीने येऊन ते मी तुझ्या आईच्या हातात देईन आणि त्याच गाडीने परत फिरेन, दारात येणार नाही. मंगळवारी अकरा वाजता मी ठाण्यात जबाब देणार आहे. तो मी आधीच लिहून काढलाय, त्याची सही केलेली नक्कल याच पाकिटात आहे, ती वकिलांपुढे ठेव आणि त्यांचा कागद त्यांना परत दे. मी ती जोड पुसली नव्हती, फक्त बंद केली होती. त्या ओळी कधी लिहिल्या, शेवटच्या कधी बदलल्या, ते तिच्यात तारखेसह आहे. मी इन्स्पेक्टरांसमोर ती पुन्हा चालू करून दाखवणार, सात नंबरचा रकाना त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसा होईल. माझं पुढे काय व्हायचं ते होईल. मोतीबिंदू काढायला वेळ मिळेल, एवढं खरं. येडूवर तक्रार द्यायची की नाही ते तू ठरव. माझ्या थपडांचीही त्यात घालायची असेल तर घाल, मी नाकारणार नाही. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते तुझ्यावर आणखी एक ओझं होईल. हे सगळं लिहिलं ते एवढंच सांगण्यासाठी, की तू पाहिलंस तेव्हा तिथे काही नव्हतं. तू नीट पाहिलंस. तुझ्या डोळ्यांत काही खोट नाही. तांदूळ तुझे तूच निवडत जा.

तुझीच,
काशम्मा आत्या